संप नको, मान्य; पण मग निवाडा कोण करणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अग्निशमन दलाची युनियन आणि महापालिका यांच्यातली नव्या वेतन कराराची बोलणी पुन्हा फिसकटल्यावर आपल्या अंकात दोन मजकूर शेजारी शेजारी आले. एक बातमी, ‘फायरमनना हवी १२ टक्के वाढ’ अशा मथळ्याची. दुसरा अग्रलेख, ज्यात युनियनला संपाची भाषा सोडायला बजावलं होतं. बातमी अपुरी आहे आणि अग्रलेख अर्ध्या वाटेवर थांबला आहे, म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण आकड्यांना हात लावू नका.

मी महापालिकेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले. वेतन कराराच्या टेबलावर मी प्रशासनाच्या बाजूला बसायचे. युनियनच्या मागणीपत्रातल्या प्रत्येक ओळीचा खर्च काढायचा, ती का परवडणार नाही याचं टिपण करायचं आणि ते साहेबांच्या हाती द्यायचं, हे माझं काम. त्यामुळे मला फायरमन लोकांचा भाबडा कळवळा आहे असं कुणी समजू नये. बूट आणि रेनकोटाच्या मागणीवरही मी शेरे मारलेले आहेत.

आधी टक्क्यांचं बोलू. १२ टक्के म्हटलं की वाचकाच्या भुवया वर जातात. पण किती वर्षांत, कशावर आणि कधीपासून, हे बातमीत नाही. तीन वर्षांच्या करारात १२ टक्के दोन तऱ्हांनी देता येतात. दरवर्षी ४ टक्के, किंवा पहिली दोन वर्षं शून्य आणि तिसऱ्या वर्षी एकदम १२. पगार १०० धरा. पहिल्या तऱ्हेत तो १०४, मग १०८.१६, मग ११२.४९ होतो; तीन वर्षांची बेरीज ३२४.६५. दुसऱ्या तऱ्हेत १००, १०० आणि ११२, बेरीज ३१२. तिसऱ्या वर्षी दोन्हीकडचा पगार जवळपास एकच दिसतो, वर्तमानपत्रातला मथळाही एकच होतो, पण दुसऱ्या तऱ्हेतल्या माणसाच्या हातातून मधल्या काळात सुमारे दीड महिन्याचा पगार गेलेला असतो. प्रशासन ही दुसरी तऱ्हा नेहमी तयार ठेवूनच टेबलावर येतं. खोटं त्यात काही नाही. फक्त कुणी विचारलं नाही तर आपणहून सांगायचं नाही, एवढंच.

वाढ कशावर, हा प्रश्न त्याहून मोठा. मूळ पगारात दिलेली वाढ निवृत्तिवेतनात उतरते, ओव्हरटाइमच्या दरात उतरते आणि पुढच्या प्रत्येक वाढीचा पाया होते. भत्त्यात दिलेली वाढ जिथल्या तिथे राहते, निवृत्तीच्या दिवशी ती संपते. म्हणून प्रशासनं भत्ते द्यायला मोठी उदार असतात. धुलाई भत्ता, जोखीम भत्ता, रात्रपाळी भत्ता. नावं मागाल तितकी. आणि युनियनचे पुढारीही पुष्कळदा भुलतात, कारण सभासदांसमोर ‘पाच नवे भत्ते मिळवले’ असं सांगता येतं. त्यांचं हे भुलणं आमच्या बाजूला पुरतं ठाऊक असायचं.

तरीही या सगळ्या टक्केवारीत मूळ दुखणं सापडत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशी ही चर्चा चालली आहे. दुखणं आहे ते ड्युटीच्या तासांत आणि गाडीवरच्या रिकाम्या जागांत.

आठवड्याचे तास १६८. बंबावरची एक जागा दिवसरात्र भरलेली ठेवायची तर, आठवड्याला सरासरी ५६ तासांची ड्युटी असताना तीन माणसं लागतात. ४२ तासांची केली तर चार. हे झालं कुणी आजारी पडत नाही, कुणी रजा घेत नाही, कुणी प्रशिक्षणाला जात नाही, असं गृहीत धरून. चार माणसांच्या एका गाडीला म्हणजे कमीत कमी १२ किंवा १६ माणसं, आणि वर रजा राखीव. युनियन ‘तास कमी करा’ म्हणते तेव्हा ती आरामाची मागणी वाटते. लेखा विभागाला मात्र त्यात एक तृतीयांश जादा भरती दिसते. दोन्ही खरं आहे. बाहेरच्या माणसाला हे गणित कुणी समजावून सांगत नाही, म्हणून त्याला युनियन आळशी आणि प्रशासन कंजूष वाटतं.

अमेरिकेत तर हा फरक कायद्यातच लिहिलेला आहे. तिथे साध्या कामगाराला आठवड्याला ४० तासांपलीकडे दीडपट दर मिळतो, म्हणजे चार आठवड्यांचे १६०. फायरमनसाठी त्याच कायद्यात वेगळं कलम आहे: २८ दिवसांत २१२ तास होईपर्यंत ओव्हरटाइम सुरू होत नाही. तिथल्या पुष्कळ शहरांत २४ तास ड्युटी आणि ४८ तास सुट्टी असा क्रम चालतो, तो २८ दिवसांत सरासरी २२४ तासांवर जातो. म्हणजे बाकीच्या कामगारांपेक्षा ६४ तास जास्त उभं राहून ओव्हरटाइमचे तास धरले जातात १२. यावर कुणी म्हणेल, रात्री झोपायला मिळतं की. मिळतं, आगीची वर्दी येत नाही तोवर.

जागा रिकाम्या ठेवण्याचं अर्थकारण मला चांगलं माहीत आहे. मंजूर पद भरलं की पगार, रजा, वैद्यकीय, निवृत्तिवेतन असा तीसेक वर्षांचा बोजा डोक्यावर येतो. पद रिकामं ठेवून आहे त्याच माणसाला जादा पाळी करायला लावली की खर्च त्या वर्षापुरता. अंदाजपत्रकात हे शहाणपण वाटतं. मग बोलणी सुरू झाली की प्रशासनातूनच कुणीतरी ‘सर्वाधिक ओव्हरटाइम कमावणाऱ्या’ फायरमनची यादी पत्रकारांच्या हाती देतं आणि मथळा होतो की अमुक जण साहेबापेक्षा जास्त पगार घेतो. संपादक महोदय, ही यादी म्हणजे महापालिकेनं न केलेल्या भरतीचा हिशेब आहे. ती छापायला हरकत नाही, शेजारी रिक्त पदांची संख्याही छापा.

गाडीवर किती माणसं असावीत हा प्रश्न करारात घेऊ नये, तो प्रशासनाच्या अखत्यारीतला आहे, अशी आमची ठरलेली भूमिका असे. समोर एक लीडिंग फायरमन बसायचे. सगळी भत्त्यांची कलमं संपली की ते हमखास विचारायचे, “मॅडम, गाडीवर माणसं किती, ते लिहिणार का?” आम्ही पान उलटायचो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेनं २०१० मध्ये घराच्या आगीवर प्रत्यक्ष प्रयोग करून अहवाल दिला. आग लागलेल्या घरापाशी करायची २२ कामं ठरवली, होज म्हणजे पाण्याचा पाइप ओढण्यापासून माणूस बाहेर काढण्यापर्यंत, आणि गाडीवर दोन, तीन, चार, पाच माणसं ठेवून वेळ मोजली. चौघांच्या तुकड्यांनी ही कामं दोघांच्या तुकड्यांपेक्षा सुमारे सात मिनिटं आधी आणि तिघांच्या तुकड्यांपेक्षा पाच मिनिटं आधी उरकली. आता पाच मिनिटं म्हणजे किती, तर अमेरिकेतल्याच अंडररायटर्स लॅबोरेटरीज या सुरक्षा चाचण्या करणाऱ्या संस्थेनं दोन खोल्या पेटवून दाखवल्या आहेत. जुन्या पद्धतीच्या लाकडी-सुती सामानाच्या खोलीत सगळी खोली एकदम भडकायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागला. फोमचा सोफा आणि कृत्रिम धाग्यांचे पडदे असलेल्या खोलीत चार मिनिटांच्या आत. फ्लॅशओव्हर म्हणतात त्याला. त्या क्षणानंतर आतला माणूस वाचत नाही, आणि आत शिरलेला फायरमनही वाचणं अवघड. घरं बदलली, सामान बदललं, वेळ आक्रसली. गाडीवरच्या जागा मात्र त्या मानानं वाढल्या नाहीत, उलट काही ठिकाणी चारच्या तीन झाल्या.

मनुष्यबळाचा आकडा हा नागरिकाच्या जिवाशी आणि फायरमनच्या जिवाशी एकाच वेळी बांधलेला आहे. पगाराबद्दल तसं म्हणता येत नाही. म्हणून मला विचाराल तर युनियननं दोन टक्के सोडावेत, पण हा आकडा करारात लिहून घ्यावा. युनियनच्या लोकांना माझं हे म्हणणं आवडणार नाही. आयुक्तांना तर मुळीच नाही.

जोखीम भत्त्याबद्दलही माझं मत युनियनपेक्षा वेगळं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०२२ मध्ये फायरमनच्या कामाला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं, म्हणजे ज्याबद्दल पुरेसा पुरावा आहे अशा गटात. मूत्राशयाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (बहुधा फुप्फुसाच्या आवरणाला होणारा कर्करोग) यांची नावं त्यात स्पष्ट आहेत. आग विझली तरी काजळी कपड्यांवर राहते, हूडवर, म्हणजे डोकं आणि मान झाकणाऱ्या टोपीवर राहते, मानेच्या त्वचेवर राहते, आणि तेच कपडे गाडीच्या केबिनमध्ये बसून माणसाबरोबर केंद्रावर परत येतात. याचं उत्तर महिन्याला थोडी रक्कम वाढवून देणं हे कसं असू शकतं? उत्तर आहे पोशाखाचा दुसरा जोड, केंद्रावर तो धुण्याची यंत्रं, प्रत्येकाला स्वतंत्र हूड, वर्षाची तपासणी. आणि एक कलम: इतकी वर्षं सेवा केलेल्या फायरमनला ठरावीक कर्करोग झाला तर तो कामामुळेच झाला असं धरायचं, नाही म्हणायचं असेल तर पुरावा महापालिकेनं द्यायचा. अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या अनेक राज्या-प्रांतांत असे कायदे आहेत. पुराव्याचा भार कुणाच्या डोक्यावर, यात सगळं येतं. आजारी माणसानं जुन्या वर्दींची नोंदवही शोधत कार्यालयात खेटे घालायचे, की कार्यालयानं शोधायची?

आता अग्रलेखाकडे वळते.

फायरमननी संप करू नये, हे मला मान्य आहे. आजही आणि नोकरीत असतानाही. आपण दिलेलं कारणच पुरेसं आहे: आग थांबत नाही. १९१९ मध्ये बोस्टनच्या पोलिसांनी संप केला तेव्हा मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर कॅल्विन कूलिज यांनी तार केली होती की सार्वजनिक सुरक्षेविरुद्ध संप करण्याचा हक्क कुणालाही, कुठेही, कधीही नाही. त्या तारेनं ते देशभर गाजले आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. आपल्या अग्रलेखाचा सूर तोच आहे. पण त्या गोष्टीचा शेवट फारसा सांगितला जात नाही. अकराशेहून अधिक पोलिसांना काढून टाकलं, एकालाही परत घेतलं नाही, आणि त्यांच्या जागी जे नवे भरले त्यांना जास्त पगार, जास्त सुट्ट्या आणि फुकट गणवेश दिला. म्हणजे मागण्या देण्याजोग्या होत्या. देणाऱ्याला फक्त मागणारा नको होता.

संपाची दुसरी बाजूही मांडायला हवी. १९७३ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या फायरमननी काही तासांचा संप केला. सभासदांनी कौल दिला आहे असं पुढाऱ्यांनी जाहीर केलं होतं. नंतर उघड झालं की मतमोजणीत कौल संपाच्या विरुद्ध होता. पुढाऱ्यांवर खटले झाले, ते योग्यच झालं. युनियन म्हटली की ती आपोआप पवित्र होत नाही.

शिकागोत १९८० च्या फेब्रुवारीत संप झाला, तो २३ दिवस चालला. तिथली मुख्य मागणी ऐकून आपल्याला नवल वाटेल: लेखी करार द्या. तोवर त्या एवढ्या मोठ्या शहरात फायरमनच्या सेवाशर्ती महापौरांशी हस्तांदोलन करून ठरत होत्या. जेन बर्न यांनी निवडणुकीत लेखी कराराचं आश्वासन दिलं, महापौर झाल्यावर ते पुढे सरकेना, आणि गाड्या केंद्रांत उभ्या राहिल्या. तीन आठवडे शहराच्या जिवाशी खेळ झाला. दोष द्यायचा तर दोघांनाही द्यावा लागेल, पण मुळात कागदावर सही करायला कुणाची ना होती, हेही बघावं लागेल.

मला सगळ्यात जास्त शिकण्याजोगा वाटतो तो ब्रिटनमधला प्रकार. १९७७ च्या नोव्हेंबरात तिथल्या फायरमननी पहिला देशव्यापी संप केला. मागणी ३० टक्क्यांची, सरकारची मर्यादा १० टक्क्यांची. नऊ आठवडे लष्कराचे जवान १९५० च्या दशकातल्या ‘ग्रीन गॉडेस’ गाड्या घेऊन आगी विझवत फिरले. शेवटी युनियननं १० टक्केच घेतले. मग हरली म्हणायची का? पगारात एक सूत्र ठरलं: यापुढे फायरमनचा पगार देशातल्या पुरुष अंगमेहनती कामगारांच्या कमाईच्या वरच्या चतुर्थांशाशी, म्हणजे सगळ्यात जास्त कमावणारे पाव कामगार जिथून सुरू होतात त्या पातळीशी, बांधलेला राहील. शिवाय आठवडा ४८ तासांवरून ४२ वर आणायचं ठरलं. त्या सूत्रानं पंचवीस वर्षं दर साली पगार आपोआप ठरत गेला आणि देशव्यापी संप पुन्हा झाला नाही. झाला तो २००२ मध्ये, सूत्र अपुरं पडतंय असं वाटून युनियननं जवळजवळ ४० टक्के मागितले तेव्हा. त्या वेळी तीन वर्षांत १६ टक्क्यांवर, कामाच्या पद्धती बदलण्याच्या अटीसह, तडजोड झाली.

मी लेखा विभागातली बाई. पंचवीस वर्षांची शांतता ही मला नऊ आठवड्यांच्या हट्टापेक्षा कितीतरी स्वस्त दिसते. आणि ती मिळाली कशानं, तर पगार ठरवण्याची रीत दोघांच्या मर्जीच्या बाहेर नेऊन ठेवल्यानं.

अग्रलेख थांबला तो याच वळणावर. संप करू नका, म्हणालात. बरं. मग प्रशासनानं हो म्हटलं नाही तर युनियननं काय करायचं? वाट बघायची. कराराची मुदत संपते, बोलणी लांबतात, वर्ष जातं, दुसरं जातं. महापालिकेला या दिरंगाईचा काही त्रास होत नाही. जुन्याच दरानं पगार चालू असतो, थकबाकी पुढे कधी द्यावी लागली तर बिनव्याजी, आणि मधल्या काळात निवृत्त झालेल्यांचे हिशेब पुन्हा काढायला आणखी काही वर्षं. मी हे हिशेब केले आहेत. ज्या बाजूला उशिराचा फायदा होतो ती बाजू घाई कशाला करेल? कागदोपत्री संपबंदी दोघांना सारखीच लागू असते, प्रत्यक्षात तिनं एका बाजूचा एकमेव दबाव काढून घेतलेला असतो आणि दुसऱ्या बाजूकडचं काहीच काढलेलं नसतं.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या संघटन स्वातंत्र्य समितीनं अग्निशमन ही अत्यावश्यक सेवा मानली आहे, तिथे संपावर बंदी घालता येते असंही म्हटलं आहे. पण त्याच दमात म्हटलं आहे की ज्यांचा हा हक्क काढून घ्याल त्यांना त्याच्या बदल्यात निःपक्ष आणि जलद समेट व लवादाची सोय द्यावी लागेल. त्याच संघटनेच्या १९७८ च्या १५१ क्रमांकाच्या आंतरराष्ट्रीय कराराचं आठवं कलमही सार्वजनिक नोकरीतल्या वादांसाठी असंच सांगतं. बंदीचं अर्धं वाक्य सगळेच पाठ म्हणतात.

मिशिगन राज्यानं १९६९ मध्ये पोलीस आणि फायरमनसाठी सक्तीच्या लवादाचा कायदा केला, न्यूयॉर्क राज्यानं १९७४ मध्ये. रचना साधी असते. बोलणी फिसकटली की मध्यस्थ. त्यानंही जमलं नाही तर लवाद, बहुधा तिघांचा, एक युनियनचा, एक शहराचा, एक त्रयस्थ. त्यांनी काय काय बघायचं ते कायद्यात लिहिलेलं: शहराची ऐपत, महागाई, तुलनेच्या शहरांतले पगार, कामातला धोका. निवाडा दोघांवर बंधनकारक. शिवाय न्यूयॉर्कनं १९८२ मध्ये अशी दुरुस्ती केली की नवा करार होईपर्यंत जुन्या कराराच्या शर्ती चालू राहतील, प्रशासनाला त्या मध्येच मागे घेता येणार नाहीत.

काही राज्यांनी त्यात आणखी एक खुबी घातली. दोन्ही बाजूंनी आपापला शेवटचा प्रस्ताव पाकिटात द्यायचा, लवादानं त्यातला एक जसाच्या तसा उचलायचा, मधलं काही काढायचं नाही. मला ही पद्धत फार पसंत आहे. लवाद फरक निम्म्यावर वाटून देणार असं ठाऊक असलं की युनियन २० मागते आणि शहर शून्य देतं. एकच पाकीट उचललं जाणार म्हटल्यावर वेड्यासारखा आकडा लिहिणाराच हरतो. दोघंही आपणहून मधे सरकतात, आणि पुष्कळदा पाकीट उघडायची वेळच येत नाही.

आक्षेप मला माहीत आहेत, त्यातले काही मीच टिपणांत लिहिले आहेत. मतदारांनी न निवडलेला त्रयस्थ माणूस शहराचे पैसे कसे वाटतो, हा पहिला. तो हलका नाही. डेट्रॉइटच्या कोलमन यंग यांनी राज्याच्या सिनेटमध्ये असताना मिशिगनच्या त्या कायद्याला हातभार लावला होता; महापौर झाल्यावर त्यांनीच त्याच्यावर सडकून टीका केली. कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेहो शहराचं उदाहरण तर आमच्या बाजूचे लोक तोंडपाठ सांगतात. सर्वसाधारण निधीतला सुमारे तीन चतुर्थांश खर्च पोलीस आणि अग्निशमन दलाच्या वेतनावर, घरांचे भाव कोसळल्यावर उत्पन्न आटलं, आणि मे २००८ मध्ये शहरानं दिवाळखोरीचा अर्ज केला. कामगार करार मोडण्याचा अधिकार शहराला आहे असं न्यायालयानं ठरवलं. अग्निशमन केंद्रं बंद झाली. २०१० मध्ये मतदारांनी सक्तीच्या लवादाचं कलमच शहराच्या सनदेतून काढून टाकलं.

हे उदाहरण मी मुद्दाम लपवत नाही. पण त्यातून ‘लवाद नको’ हा एकच धडा काढणं मला पटत नाही. व्हॅलेहोमध्ये चांगल्या वर्षांत उत्पन्न असंच वाढत राहील असं धरून करार झाले, वाईट वर्षाची तरतूद कुणी लिहिली नाही. ऐपत हा निकष कायद्यात नुसता असून भागत नाही, तो पहिला असावा लागतो, आणि शहराचे हिशेब लवादापुढे उघडे असावे लागतात. उत्पन्न अमुक इतकं घटलं तर वाढ पुढे ढकलली जाईल, असं कलम करारात घालता येतं. युनियननं त्याला नाही म्हणू नये. आणि प्रशासनानं ‘पैसे नाहीत’ म्हणताना शिलकीचा तक्ता टेबलावर ठेवावा. पैसे नाहीत हे वाक्य मी इतक्या बैठकांत ऐकलं आहे की त्याच्यासोबत कागद नसेल तर ते मला ऐकूच येत नाही.

पोलिसांना मिळालं तेवढं आम्हालाही, या युनियनच्या जुन्या हट्टाबद्दल एवढंच म्हणते की तो सोडलेला बरा. दोन्ही कामं वेगळी, तास वेगळे, धोके वेगळे. बरोबरीच्या नादात एकाचा करार दुसऱ्याच्या करारावर चढतो, नंतर दुसऱ्याचा पहिल्यावर, आणि मूळ हिशेब कुणाचाच राहत नाही.

‘शूर जवान’, ‘देवदूत’ अशी विशेषणं आपल्या बातम्यांत आगीनंतर दोन दिवस दिसतात. तीच माणसं मागणीपत्र घेऊन आली की ‘वेठीस धरणारी’ होतात. एकाच दैनिकानं एकाच माणसाला दोन्ही म्हणावं, याची गंमत वाटते.

आपल्याकडे मागणं एवढंच. पुढची बातमी करताना वाढीचा आकडा वर्षवार छापा, मूळ पगारात किती आणि भत्त्यात किती ते वेगळं दाखवून. अग्निशमन दलात मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि गेल्या वर्षी ओव्हरटाइमवर खर्च किती झाला, हे महापालिकेकडून लेखी मागा. ही माहिती आस्थापना विभागात तयार असते, शोधावी लागत नाही. युनियनला विचारा की लवादाचा निवाडा विरुद्ध गेला तरी तो मान्य करू, असं लिहून देणार का. आणि आयुक्तांना विचारा की बंधनकारक लवाद मान्य आहे का, नसेल तर बोलणी संपवण्याची शेवटची तारीख कोणती. दोघांची उत्तरं शेजारी शेजारी छापा. कुणी उत्तर दिलं नाही, तर ती जागा कोरी सोडून छापा.

आपली,
एक निवृत्त लेखा अधिकारी